हातमोजा निवडायचा कोणी?

बागकामाला हातमोजे कशाला लागतात, असे विचारणारे अधिकारी आजही भेटतात. त्याहून वाईट याचे वाटते की असे विचारणारे कामगारही भेटतात. शेडमधल्या फिटरच्या, ओव्हरहेड तारेवर काम करणाऱ्याच्या, पार्सलच्या पेट्या उचलणाऱ्याच्या हाताला धोका आहे हे सर्वांना पटते. परंतु रेल्वे कॉलनीतला माळी, स्टेशनच्या बागेत कंत्राटदाराकडून कामाला आलेली बाई, टपाल कार्यालयाच्या आवारात झाडलोटीबरोबर झुडपेही छाटणारा अर्धवेळ कर्मचारी, यांचे काम म्हणजे जणू फुले वेचणे! रुळांच्या कडेची झुडपे काढणारा ट्रॅक मेंटेनर हाही तेवढ्या वेळापुरता माळीच असतो, पण तसे कोणी मोजत नाही.

या हाताला दिवसभरात काय काय लागते ते एकदा मोजून पाहावे. कमी पाणी लागते आणि गुरे तोंड लावत नाहीत म्हणून बोगनवेल बहुतेक स्टेशनांवर लावलेली असते. तिचा काटा आकड्यासारखा वाकलेला, जून झाला की दाभणासारखा कडक. गुलाब आहे, लिंबू आहे, रुळांकडेला बाभूळ आणि बोर आहे. घाणेरीचे खोड हाताला खरवडते. रुईचा चीक हाताला लागला आणि तोच हात डोळ्याला गेला तर डोळा जातो की काय अशी पाळी येते. कण्हेरीचे तर पान, फूल, चीक सगळेच विषारी. मातीत काय असते ते वेगळेच. प्लॅटफॉर्मलगतच्या वाफ्यात गाडीतून फेकलेल्या बाटल्यांच्या काचा, दाढीची पाती, प्रसंगी इंजेक्शनच्या सुयाही सापडतात. हे आम्ही ऐकीव सांगत नाही, कोणत्याही मोठ्या स्टेशनच्या माळ्याला विचारा.

आणि गाजर गवत. काही लोक त्याला काँग्रेस गवत म्हणतात. आपल्या देशात ते १९५५ साली पुण्यात प्रथम ठळकपणे नजरेस आले आणि परदेशातून आयात केलेल्या गव्हाबरोबर आले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. आज ते यार्डात, साइडिंगला, क्वार्टर्सच्या मागे, पोस्टाच्या कुंपणाला, सगळीकडे आहे. त्याच्यात पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. ते काही जणांच्या कातडीला बाधते. प्रथम खाज, मग पुरळ, मग कातडी जाड होऊन भेगा पडतात. पहिल्याच दिवशी होईल असे नाही. कित्येक वर्षे हे गवत उपटणाऱ्या माणसाला एखाद्या पावसाळ्यात अचानक सुरू होते, आणि एकदा शरीराने वैर धरले की ते सहसा सुटत नाही. अशा माणसाला मग वाऱ्याने उडालेल्या गवताच्या भुकटीनेही मान, पापण्या, कोपराच्या खाचा यांवर त्रास होतो. म्हणून या कामाला हातमोज्याबरोबर पूर्ण बाह्यांचा सदरा आणि काम संपल्यावर साबणाने आंघोळ, हे तिन्ही लागते. नुसत्या हातमोज्याने भागते असे कोणी सांगितले तर ते खरे मानू नये.

काट्याची जखम लहान म्हणून आपण दुर्लक्ष करतो. मातीत धनुर्वाताचे जंतू असतात, तेव्हा दर दहा वर्षांनी धनुर्वाताची लस पुन्हा घ्यावी हे तर हातमोजे असोत वा नसोत करायचेच आहे. काट्यातून किंवा कुजक्या काडीतून शिरणाऱ्या एका बुरशीने स्पोरोट्रायकोसिस नावाचा आजारही होतो. तिच्यामुळे बोटापासून वर दंडाकडे गाठींची रांग उठते आणि महिनोन्‌महिने औषध घ्यावे लागते. पन्नाशी ओलांडलेल्या आपल्या कामगारांत मधुमेहाचे प्रमाण किती आहे हे रेल्वे इस्पितळाच्या रांगेत उभे राहिले की दिसते. अशाच्या बोटात रुतलेला काटा ही किरकोळ बाब नव्हे.

हे झाले धोक्याचे. आता मुद्द्यावर येतो.

हातमोजे मिळतच नाहीत अशी तक्रार पूर्वी होती, काही ठिकाणी आजही आहे. पण अलीकडे निराळीच तऱ्हा पाहायला मिळते. हातमोजे येतात, वाटले जातात, सही घेतली जाते, आणि आठ दिवसांनी ते लॉकरवर पडलेले असतात. मग कागदावर लिहिले जाते की संरक्षक साधने पुरविली, तथापि कर्मचारी ती वापरत नाहीत. पुढे कोणाला इजा झाली की या एका ओळीवर प्रकरण मिटते आणि दोष कामगाराच्या पदरात पडतो.

एका ठिकाणची गोष्ट सांगतो, ठिकाणाचे नाव लिहीत नाही. बोगनवेल छाटताना माळ्याच्या बोटाच्या पेरात काटा मोडला, पू झाला, बोट चिरावे लागले. हातमोजे त्याच्या पिशवीत होते. साहेबांनी विचारले, दिलेले हातमोजे घातले का नव्हते? माळी काही बोलला नाही. त्याने पिशवीतून ती जोडी काढली, घातली आणि छाटणीची कात्री हातात घेऊन दाखवली. जाड कातड्याची बोटे कात्रीच्या मुठीत शिरत नव्हती, आणि शिरली ती पुढे इंचभर रिकामी लोंबत होती. हातच्या काकणाला आरसा कशाला? परंतु चौकशीच्या कागदावर ती कात्री काही चढली नाही.

आमचे म्हणणे असे आहे की हातमोजा हे अवजार आहे. खुरप्याची मूठ ज्याच्या हातात बसत नाही त्याला आपण निष्काळजी म्हणत नाही, खुरपे बदलून देतो. मग हातमोज्याचा न्याय निराळा का? बेताल हातमोजा घातल्याने पकड ढिली होते, ती भरून काढायला माणूस मूठ जास्त जोराने आवळतो, आणि दुपारपर्यंत मनगटापासून कोपरापर्यंत हात भरून येतो. तो हातमोजा काढून ठेवतो ते आळसाने नव्हे, काम उरकायचे असते म्हणून.

तेव्हा निवडायचे कसे, हे आपल्याला नीट माहीत पाहिजे, नाहीतर प्रशासनाशी बोलताना आपणच अडखळू.

पहिली गोष्ट माप. अंगठा सोडून, चार बोटांच्या मुळाशी, तळहाताभोवती टेप गुंडाळावा. ज्या हाताने जास्त काम करतो तो हात मोजावा. जितके इंच भरतील तो साधारणपणे हातमोज्याचा नंबर. सात इंच तर सात नंबर, आठ तर आठ. हा हिशेब जगभर चालतो. बाजारात सहापासून अकरापर्यंत नंबर असतात. पुष्कळ स्त्री कामगारांना सहा किंवा सात लागतो, धिप्पाड माणसाला दहा. आता सगळ्यांना मिळून एकच दहा नंबर दिल्यावर काय होणार? बोटांच्या टोकाला मोकळी जागा राहू नये, मूठ पूर्ण मिटावी, मिटताना तळव्यावर घडी पडू नये, आणि बोटांच्या मधल्या बेचक्यात कापड ताणू नये. इतके दुकानात उभ्या उभ्या पाहता येते. आतली शिवण बोटाच्या टोकाला टोचते का तेही बघावे. दिवसभर खुरपे चालवल्यावर तीच शिवण फोड आणते.

दुसरी गोष्ट अशी की सर्व कामांना एकच हातमोजा नसतो. खुरपणी, रोपे लावणे, कुंड्या भरणे या कामाला विणलेल्या नायलॉनचा आणि फक्त तळव्याला व बोटांना नायट्राइल या कृत्रिम रबराचा लेप दिलेला हातमोजा उत्तम. पाठीकडून हवा खेळते, ओल्या मातीत पकड सुटत नाही, बोटाला रोप कळते, धुता येतो. भुसावळच्या मे महिन्यात जो हातमोजा चार तास हातात राहू शकतो असा हाच. तळव्यावर रबराचे ठिपके असलेला सुती हातमोजा स्वस्त आहे आणि कोरड्या गवताला, पालापाचोळ्याला चालतो. पण तो पाणी पितो, आणि काट्याला तो म्हणजे उघडे दारच. इगतपुरीच्या पावसात सुती हातमोजा देणे म्हणजे कामगाराच्या हाताला दिवसभर ओला फडका बांधणे होय.

बोगनवेल, गुलाब, बाभूळ यांना कातडेच हवे, आणि तेही कोपराच्या जवळ जाणारी लांब बाही असलेले, कारण काटा बोटापेक्षा मनगटाला अधिक लागतो. कातड्यातही फरक आहे. स्प्लिट म्हणतात ते आतल्या थराचे खरबरीत कातडे जाड दिसते, स्वस्त पडते, भिजून वाळले की पत्र्यासारखे होते. शेळीचे कातडे पातळ असून चिवट असते, बोटांना वळते. मात्र कोणतेही कातडे उन्हात वाळत घालू नये, सावलीत पसरावे.

परदेशी पद्धतीच्या हातमोज्यांवर ढालीत हातोडीचे चित्र आणि खाली ४१२१ असे आकडे छापलेले असतात. ते ईएन ३८८ या युरोपीय मानकाचे आकडे. पहिला घासण्याचा, दुसरा कापण्याचा, तिसरा फाटण्याचा, चौथा भोसकण्याचा. आकडा मोठा तितका टिकाव जास्त. काही ठिकाणी आकड्याच्या जागी फुली असते, तिचा अर्थ ती चाचणी केलेलीच नाही. पुरवठादार हे आकडे दाखवून दिपवतो म्हणून सांगून ठेवतो की भोसकण्याच्या त्या चाचणीतली सळई पेनाच्या टोकासारखी जाड व बोथट असते. त्या आकड्याने बाभळीच्या काट्याची किंवा इंजेक्शनच्या सुईची हमी मिळत नाही. काट्याची परीक्षा काट्यानेच करावी. आपल्याकडे कातडी आणि सुती हातमोज्यांसाठी आय. एस. ६९९४ हे भारतीय मानक १९७३ सालीच आले, तेव्हा मानकच नाही अशी सबब कोणी सांगू नये.

फवारणीचे सगळ्यात जास्त जपायचे. सुती किंवा कातडी हातमोजा घालून तणनाशक वा कीटकनाशक हाताळणे हे उघड्या हातापेक्षा वाईट, कारण औषध त्यात मुरते आणि तासन्‌तास कातडीला लागून राहते. कातडे धुऊनही स्वच्छ होत नाही. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत फवारणाऱ्याला अर्ध्या हातापर्यंत जाणारे, द्रव न झिरपणारे रबरी किंवा तत्सम हातमोजे असावेत असे लिहिले आहे. नियम लिहिलेला होता, आणि तरी २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विसाहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने गेले. त्याची कारणे अनेक होती, पण धड संरक्षक साधने नसणे हे त्यांतले एक होते. आपल्या कॉलनीत पाठीवर पंप घेऊन फिरणारा माणूस कोणत्या हातमोज्याने फिरतो हे प्रत्येक शाखेने एकदा डोळ्यांनी पाहून यावे. या कामाला अस्तर नसलेला, लांब बाहीचा नायट्राइलचा हातमोजा पाहिजे. खाली फवारताना सदऱ्याची बाही हातमोज्यावर, उंच फवारताना हातमोजा बाहीवर, म्हणजे ओघळ आत जात नाही. काढण्याआधी हातातच साबणाने धुवावा. घालण्याआधी हवा भरून, तोंड पिळून, कोठे सुसू होते का पाहावे.

दोन ठिकाणी हातमोज्यावर विसंबू नये, तेही लिहितो. २५ हजार व्होल्टच्या तारेजवळची फांदी तोडायची तर बागेचा हातमोजा शून्य कामाचा, तेथे पॉवर ब्लॉक आणि अर्थिंग झाल्याशिवाय हात लावायचा नाही. दुसरे म्हणजे उघड्या फिरत्या यंत्राजवळ ढिला हातमोजा हाताला आत ओढतो. त्यापेक्षा तेथे नसलेला बरा.

आता पैशाचे. सरकारी खरेदी २०१६ पासून जेम पोर्टलवर येऊ लागली आणि एल-वन हा शब्द शिपायापर्यंत सर्वांना पाठ झाला. ज्याचा दर सर्वांत कमी त्याचा माल. यावर अधिकारी सांगतात, आमचे हात बांधलेले आहेत. हे अर्धेच खरे आहे. एल-वन ठरतो तो स्पेसिफिकेशनच्या आत. ‘हातमोजे, कातडी, नग अमुक’ एवढेच इंडेंटमध्ये लिहिले तर पुरवठादार सर्वांत रद्दी माल आणणारच, त्याला दोष देऊन काय उपयोग? केंद्र सरकारच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतला १४४ वा नियमच सांगतो की वस्तूचा दर्जा, प्रकार आणि संख्या विभागाची विशिष्ट गरज लक्षात घेऊन स्पष्ट लिहावी. माळ्याच्या हाताचे माप ही विशिष्ट गरज नव्हे काय? कोणते काम, कोणते साहित्य, बाही किती इंच, कोणत्या नंबरच्या किती जोड्या, हे इंडेंटमध्ये लिहायला कोणताही नियम आडवा येत नाही. आडवा येतो तो कंटाळा.

किंमत जोडीमागे पाहू नये, दिवसामागे पाहावी. उदाहरणादाखल, साठ रुपयांची जोडी पंधरा दिवसांत फाटली तर रोजचे चार रुपये झाले. दीडशे रुपयांची जोडी साठ दिवस टिकली तर रोजचे अडीच. आणि जी जोडी लॉकरवरच पडली तिची किंमत कितीही कमी असो, ती सगळी वायाच गेली. अकाउंट्सच्या मंडळींना हे गणित आमच्यापेक्षा लवकर कळावे.

या संदर्भात एक गोष्ट मनाला लागते. कोलकात्याच्या चर्मोद्योगात कामाचे कातडी हातमोजे मोठ्या प्रमाणावर तयार होतात आणि परदेशी जातात. तिकडचा हौशी बागवान रविवारी गुलाब छाटताना आपल्या कामगाराने शिवलेला, मापाचा, मऊ हातमोजा घालतो. आपल्या माळ्याला मात्र उरल्यासुरल्या स्प्लिटचा. चांगला माल या देशात बनत नाही असे कोणी म्हणू लागला तर त्याला हे जरूर ऐकवावे.

२०१७ पासून गणवेशाऐवजी वार्षिक भत्ता मिळू लागला. तेव्हापासून काही ठिकाणी तोंडी सांगितले जाते की भत्ता मिळतो ना, मग हातमोजे आपले आपण घ्या. हे आम्हाला मुळीच मान्य नाही. सदरा अंगावर घालून माणूस घरी जातो. हातमोजा कामावरच झिजतो. तो गणवेश नव्हे, कुदळ आणि पहार यांच्याच यादीत त्याची जागा आहे, आणि तो झिजल्यावर जुना दाखवून नवा मिळाला पाहिजे. वर्षातून एकदा वाटप ही पद्धतही चुकीची आहे. पावसाळ्यात गवत माजते तेव्हा एक जोडी दीड महिनाही पुरत नाही. शिवाय घामाने भिजलेला हातमोजा दुसऱ्या दिवशी तसाच घातला तर कातडी पांढरी पडून सोलते, म्हणून एका वेळी दोन जोड्या हव्यात. एक हातात, एक वाळत.

राहिली कंत्राटी कामगारांची गोष्ट. बागेचे काम अनेक ठिकाणी कंत्राटावर गेले आहे हे आपण सर्व जाणतो, त्याला आपला विरोध आहे आणि राहील. पण आज त्या वाफ्यात बसलेल्या बाईचा हात आपल्या विरोधाच्या निकालापर्यंत थांबणार नाही. ती प्लास्टिकची पिशवी हाताला गुंडाळून गाजर गवत उपटते. आपला कायम माळी शेजारी बसून हे पाहतो आणि काही बोलत नाही, कारण ती आपल्या युनियनची सभासद नाही. काही बंधूंना हे लिहिलेले आवडणार नाही. परंतु कंत्राटाच्या शर्तीत हातमोज्यांचा प्रकार, माप आणि बदलण्याची मुदत लिहून घेणे, आणि ते न देणाऱ्याच्या बिलातून कापणे, ही मागणी आपणच केली पाहिजे. ती एकटी करू शकत नाही. करायला गेली तर दुसऱ्या दिवशी तिला कामावर घेणार नाहीत.

तेव्हा शाखांनी एवढे करावे. एक टेप घ्यावा आणि बागेचे, गवताचे, फवारणीचे काम करणाऱ्या प्रत्येकाच्या तळहाताचे माप घेऊन नावापुढे लिहावे. त्यासमोर तो कोणते काम करतो ते लिहावे. बाजारातून दोन-तीन प्रकारच्या मोजक्या जोड्या आणून पंधरा दिवस वापरायला द्याव्यात आणि कोणती टिकली, कोणती हातात राहिली, हे वापरणाऱ्याच्याच शब्दांत टिपून घ्यावे. हा कागद रेल्वेच्या बांधवांनी पी.एन.एम.च्या आणि टपालच्या बांधवांनी जे.सी.एम.च्या विषयपत्रिकेला जोडावा, सोबत लॉकरवरची न वापरलेली जोडीही न्यावी. नमुना पास करताना वापरणारे दोन कामगार हजर पाहिजेत, ही अट बैठकीच्या इतिवृत्तात येईपर्यंत विषय बंद होऊ देऊ नये. मापाची यादी करताना कंत्राटी बायकांची नावेही त्याच कागदावर, त्याच क्रमांकाने लिहावीत. वेगळा कागद करू नये.